ग्लिसरीन परत घाल

ईलिंग, लंडन
जानेवारी

चि. सोनू हिस अनेक आशीर्वाद,

तुझ्या क्रीमचा कागद वाचला. सेरीन, ग्लायसीन, अर्जिनीन ओळीने मांडलीस आणि ग्लिसरीन मात्र 'चिकट' म्हणून काढून टाकलंस. ते आधी परत घाल. स्वस्त आहे म्हणून त्याला हिणवू नकोस. पाणी धरायच्या कामात तुझी महागडी अमिनो आम्लं एकटी त्याची जागा घेणार नाहीत.

अमिनो आम्लं फुकाची आहेत असं नाही हं. कातडीच्या अगदी वरच्या, मेलेल्या पेशींच्या थरात ओलावा धरणारा जो नैसर्गिक साठा असतो, त्यात सुमारे ४० टक्के मोकळी अमिनो आम्लंच असतात, आणि त्यांत सेरीन सर्वांत जास्त. बाकी पीसीए, लॅक्टेट, युरिया वगैरे. ही आम्लं येतात फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाचे तुकडे होऊन. २००६ साली डंडीच्या संशोधकांनी दाखवलं की या प्रथिनाच्या जनुकात दोष असला की कातडी कोरडी पडते आणि इसबाचा धोका वाढतो. म्हणजे तुझी कल्पना शास्त्राला धरून आहे. पण वरून लावलेलं सेरीन पाण्यात चटकन विरघळतं आणि हात धुतले की निघून जातं. इथे हिवाळ्यात बाहेर पावसाची रिपरिप आणि घरात रेडिएटरची कोरडी हवा. त्यात नळाला जड पाणी, किटलीत पांढरा थर बसतो तसलं. पुण्यात 'झकास' वाटलेली क्रीम इथे तासाभरात खडखडीत होईल. वर पाणी अडवणारं काहीतरी हवं: शिया बटर, नाहीतर साधी पेट्रोलियम जेली. नाक मुरडू नकोस.

दुसरं, अर्जिनीन अल्कधर्मी असतं. ते घातल्यावर पीएच मोजलास का? लॅक्टिक आम्लाने पाचाच्या आसपास आण. आणि मध काढ. भाकरीला तव्यावर जो खरपूस रंग येतो, तीच अमिनो आम्ल आणि साखरेची प्रक्रिया बाटलीत हळूहळू चालू राहते. क्रीम तपकिरी पडेल आणि गिऱ्हाईक म्हणेल, नासलं. अमिनो आम्लं हे जंतूंचंही खाद्य आहे, तेव्हा 'प्रिझर्व्हेटिव्ह-मुक्त' लिहायची हौस सोड.

इथे विकायचं तर आधी पात्र तज्ज्ञाकडून सुरक्षिततेचा अहवाल, ब्रिटनमधली जबाबदार व्यक्ती आणि सरकारकडे ऑनलाइन नोंद, तिन्ही लागतात. लेबलवर 'इसब बरा होतो' असं लिहिलंस तर कायद्याच्या नजरेत ते सौंदर्यप्रसाधन राहत नाही, औषध ठरतं. मग सगळंच बदलतं. 'कोरडेपणा कमी करते' एवढंच लिही, तेही चाचणी करून.

नवा कागद पाठवशील तेव्हा प्रत्येक घटकाचं टक्केवारीतलं प्रमाण लिही. 'थोडंसं' चालणार नाही. दादा-वहिनींना नमस्कार.

तुझी,
आत्या