वाचनाची यादी आणि तिची राखण

एखादा चांगला लेख दृष्टीस पडला कीं, "हा मागाहून वाचूं" असें म्हणून आपण पुढें जातों. आणि तें मागाहूनचें वाचन बहुधा राहूनच जातें. संगणकावर वाचणारांची हीच अडचण ओळखून 'पॉकेट' नांवाची सेवा २००७ सालीं निघाली. लेखाचा पत्ता तीत टिपून ठेवावा व सवडीनें वाचावा, अशी सोय होती. २०१७ सालीं ती मोझिलानें विकत घेतली आणि ८ जुलै २०२५ रोजीं ती बंद झाली. ज्यांनीं दिलेल्या मुदतींत आपली यादी उतरवून घेतली नाहीं, त्यांचें वर्षांचें टिपण हातचें गेलें. परक्याच्या कोठारांतील धान्य आपलें खरें, पण किल्ली आपली नव्हे!

यादी आपल्याच घरीं राहावी असें वाटत असेल, तर 'बुकू' हें विनामूल्य साधन पाहावें. तें आज्ञेच्या ओळीवर चालतें. म्हणजे चित्रावर बोट न ठेवतां आज्ञा टंकावयाची व एंटर दाबावयाचें. प्रत्येक आज्ञेच्या आरंभीं 'बुकू' हा शब्द येतो. त्यापुढें आडवी रेघ व तिला लागून एक रोमन अक्षर.

१. नोंद करणें : 'ए' हें अक्षर, मग लेखाचा पत्ता, शेवटीं 'इतिहास', 'विज्ञान' अशा विषयाच्या खुणा स्वल्पविराम देऊन लिहाव्या. लेखाचें शीर्षक साधन स्वतःच आणतें व नोंदीस अनुक्रमांक देतें.

२. शोधणें : 'एस' व आठवणारा शब्द, खुणेवरून शोधणें असल्यास 'टी' व ती खूण.

३. उघडणें : 'ओ' व अनुक्रमांक.

४. काढून टाकणें : 'डी' व अनुक्रमांक.

या चौथ्या आज्ञेविषयीं सावध असावें. नोंद काढली कीं, रिकाम्या जागीं यादींतील शेवटची नोंद येऊन बसते. दहांपैकीं चौथी काढली, तर दहावीच चौथी होते. "चार क्रमांक अजून दिसतोच आहे" असें समजून पुन्हां तीच आज्ञा दिली, तर हवी असलेली नोंद नष्ट होईल. म्हणून प्रत्येक वेळीं शीर्षक वाचावें, मगच हात चालवावा.

सर्व नोंदी एकाच फाइलींत राहतात. तिची एक प्रत महिन्यांतून एकदां निराळ्या ठिकाणीं ठेवावी; कारण संगणक बिघडला, तर घरचें कोठारही रितें होतें.

शेवटीं एक विनंती. यादी वाढली म्हणजे ज्ञान वाढलें असें नव्हे. आठवड्यास एक तरी जुना लेख वाचून मगच त्याची नोंद काढावी, आणि आईवडिलांनीं रविवारीं मुलांस सहज विचारावें, "या आठवड्यांत यादींतलें काय वाचलेंस?" या एका प्रश्नानें जें होईल, तें कोणत्याही साधनानें होणार नाहीं.