ऊब कोठून येते? : हिमप्रदेशांतील गोधडी व गोठा

पौषाच्या पहाटे गारठा पडला म्हणजे आपण गोधडी ओढून घेतों आणि म्हणतों, "गोधडी ऊब देते." रोजच्या बोलण्यांत हें वाक्य चालेल, परंतु शास्त्राच्या कसोटीस तें उतरत नाहीं. गोधडीपाशीं स्वतःची ऊब मुळींच नसते. खात्री करावयाची असल्यास बर्फाचे दोन सारखे खडे घ्या. एक ताटलींत उघडा ठेवा व दुसरा कोरड्या गोधडींत चांगला गुंडाळून ठेवा. उघडा खडा आधीं विरघळेल. गोधडी उष्णता उत्पन्न करीत असती, तर गुंडाळलेला खडा आधीं विरघळावयास हवा होता. बर्फ विकणारे बर्फावर लाकडाचा भुसा पसरीत, तोही याच कारणास्तव. गोधडी उष्णतेची वाट अडविते, एवढेंच तिचें काम. बर्फाच्या बाबतींत बाहेरची उष्णता ती आंत येऊं देत नाहीं. आपल्या बाबतींत आंतली बाहेर जाऊं देत नाहीं.

हें साधें तत्त्व ज्या मुलखांत जीवनमरणाचा प्रश्न होऊन बसलें, अशा एका मुलखाची हकीकत आज पाहूं. उत्तर अमेरिकेच्या मध्यभागीं नेब्रास्का व डाकोटा हे मैदानी प्रदेश आहेत. १८६२ च्या कायद्यानें, जो पांच वर्षें राहून जमीन कसील त्यास १६० एकरपर्यंत जमीन मिळूं लागली, तेव्हां हजारों कुटुंबें अशा मैदानांत गेलीं. ती भूमि मूळच्या रहिवाशांकडून हिरावलेली होती, हेंही विसरतां कामा नये. तेथें झाडें तुरळक. म्हणून गवताच्या मुळांनीं घट्ट विणलेल्या मातीच्या पट्ट्या नांगरानें कापून, त्या विटांसारख्या रचून लोक घरें बांधीत. हिंवाळ्यांत हिमाचा थर साचे आणि उघड्या मैदानावरून वारा सुटे. अशा दिवसांत घरच्या माणसांना दोन कामें असत : घरांत गोधडी शिवणें आणि गोठ्यांत गुरें राखणें.

तेथील गोधडीला क्विल्ट म्हणतात. तिला तीन थर असतात. वरचा थर रंगीत तुकडे जोडून केलेला, खालचा साध्या कापडाचा, आणि मध्यें पिंजलेला कापूस किंवा लोंकर. हे तिन्ही थर धांवदोऱ्यानें एकत्र शिवतात. हे टांके केवळ शोभेसाठीं नसतात. ते नसतील तर आंतील कापूस एका कोपऱ्यांत गोळा होईल व बाकीची जागा पोकळ राहील. उष्णता अडविण्याचें काम मुख्यतः कापसाच्या तंतूंत कोंडलेली निश्चल हवा करिते. कापूस दबून घट्ट झाला कीं ही हवा निघून जाते, आणि भिजला कीं तिची जागा पाणी घेतें. दोन्ही वेळां ऊब कमी होते. क्विल्ट शिवण्याची चौकट मोठी असे, आणि घर लहान. म्हणून कित्येक घरीं ती दोरांनीं आढ्याला टांगीत आणि काम संपलें कीं वर ओढून घेत. तुकडे बहुधा जुन्या सदऱ्यांचे व झग्यांचे असत. पुढें १९२० नंतरच्या दशकांत पीठ आणि कोंबड्यांचें खाद्य नक्षीदार छापील कापडाच्या पोत्यांतूनही येऊं लागलें. दाणे कोंबड्यांनीं खाल्ले आणि पोत्याची गोधडी झाली! गोठा आणि शिवणकाम यांचा संबंध असा निकटचा होता.

आतां गोठ्यांत जाऊं. गाईला निसर्गानेंच एक गोधडी दिलेली असते. हिंवाळ्याच्या तोंडीं तिचे केंस दाट होतात व त्यांत हवा कोंडून राहते. कोरडी थंडी ती बरीच सोसते. परंतु भिजलेलें अंग आणि झोंबणारा वारा एकत्र आले कीं तिचे हाल होतात. तिच्या अंगीं सुमारें १०१ अंश फॅरनहाइट उष्णता असते, ती येते चाऱ्यांतून. पोटाच्या मोठ्या कप्प्यांत सूक्ष्म जंतु चारा आंबवितात आणि त्या क्रियेंत उष्णता निघते. म्हणून थंडी कडक तितकी वैरण अधिक, हा गोठ्याचा पहिला नियम. दुसरा नियम पाण्याचा. पाणी गोठलें तर गाय कमी पिते, कमी पिते म्हणून कमी खाते, आणि दूध आटतें; त्यासाठीं कुऱ्हाडीनें बर्फ फोडून पाणी मोकळें करावें लागे. तिसरा नियम कोरड्या पेंढ्याच्या अंथरुणाचा. चौथा नियम नवख्यास विचित्र वाटेल : गोठा अगदीं बंद करूं नये. श्वासाची वाफ आणि मूत्राचा उग्र वायु कोंडला तर ओल साचते व छातीचे विकार होतात. वारा अंगावर नको, पण हवा खेळती हवी.

हे नियम मोडल्यास काय होतें, याचा दाखला १८८६-८७ च्या हिंवाळ्यानें दिला. माँटाना, वायोमिंग व डाकोटा येथील मोठे मालक गुरें उघड्या रानांत सोडून देत; त्यांपैकीं पुष्कळांनीं गवताच्या गंजी रचून ठेवल्या नव्हत्या. अगोदरचा उन्हाळा कोरडा गेला होता. नंतर हिम पडलें, थोडें वितळलें, पुन्हां गोठलें आणि गवतावर बर्फाचें कठीण कवच बसलें. लाखों गुरें भुकेनें व थंडीनें मेलीं. त्यानंतर पुष्कळ मालक कुंपणें घालूं लागले आणि हिंवाळ्यासाठीं गवत कापून ठेवूं लागले.

पुढच्याच वर्षीं माणसांवर प्रसंग आला. १२ जानेवारी १८८८ ची सकाळ ऊबदार होती. मुलें जाड कपडे न घालतां शाळेंत गेलीं, आणि शेतकरी गुरें पाण्यावर घेऊन बाहेर पडले. तों अकस्मात् हिमवादळ कोसळलें. पिठासारख्या बारीक हिमानें चार हातांवरचें दिसेना. सुमारें २३५ माणसें मेलीं असा अंदाज आहे, व त्यांत शाळकरी मुलें पुष्कळ होतीं. नेब्रास्कांतील मिनी फ्रीमन या तरुण शिक्षिकेच्या शाळेचें छप्पर उडालें, तेव्हां तिनें आपल्या विद्यार्थ्यांना एकत्र ठेवून वादळांतून सुखरूप एका घरीं पोंचविलें. अशा वादळांत घर आणि गोठा यांमधील अंतरही जीवघेणें होई. म्हणून कित्येक शेतकरी घरापासून गोठ्यापर्यंत दोर बांधीत आणि तो धरून गुरांकडे जात.

आतां प्रारंभींच्या प्रश्नाकडे वळूं. गोधडी ऊब राखते. ऊब देतें शरीर. शरीरास ती अन्नांतून मिळते, गाईस चाऱ्यांतून. आणि हिंवाळ्याचा चारा उन्हाळ्यांत घाम गाळून कापलेला असतो. म्हणजे पौषांतली ऊब ज्येष्ठ-आषाढांतच मिळवावी लागते. जो तेव्हां आळसावला, त्यास पुढें कितीही जाड गोधडी उपयोगी पडत नाहीं.

आपल्याकडे तसें हिम पडत नाहीं, तरी नियम तेच आहेत. आपली वाकळ जुन्या लुगड्यांचे थर धांवदोऱ्यानें शिवून होते, तिचेंही काम कोंडलेल्या हवेवर चालतें. म्हणून तिला वरचेवर ऊन दाखवावें. ती कोरडी राहते व पुन्हां फुलते. माघांत व्यालेल्या शेळीचें करडूं ओलें असल्यास तें आधीं पोत्यानें पुसून कोरडें करावें, वाऱ्याच्या बाजूस तट्ट्या लावावा, आणि लगेच आईचें दूध पाजावें. पोतें व तट्ट्या ऊब राखतील. ऊब त्या दुधांतूनच यावयाची आहे.