नवा पॉवर वीडर : आधी ऑईल, मग पेट्रोल

सोयाबीन, कपाशी उगवून आली की तणही जोडीनेच वर येते आणि नेमकी तेव्हाच खुरपणीला माणसे मिळत नाहीत. म्हणून अनेकांनी मे महिन्यातच पॉवर वीडर घेऊन ठेवला असेल. तो अजून खोक्यात असेल तर वापसा येण्याची वाट न बघता आजच बाहेर काढा.

नवे इंजिन बहुतेक वेळा कोरडे येते, त्यात ऑईल नसते. दुकानदाराने भरून दिले म्हटले, तरी स्वतःच्या डोळ्यांनी बघा. या लहान फोर-स्ट्रोक इंजिनांत बहुधा ऑईल पंप नसतो. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला पळीसारखा छोटा भाग असतो. तो फिरताना तळातले ऑईल वर उडवतो आणि त्या शिंतोड्यांवरच क्रँक, पिस्टन, सिलिंडर चालतात. तळात ऑईल नसेल तर रॉड आणि क्रँक काही मिनिटांत एकमेकांना धरतात. असे जळलेले इंजिन वॉरंटीत सहसा बसत नाही.

यंत्र सपाट जागी ठेवून पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचे ऑईल भरा. गेज पुसून पुन्हा घालून बघा. बऱ्याच इंजिनांत आटे न फिरवता, नुसती टेकवून पातळी पाहायची असते. ऑईल वरच्या खुणेच्या पुढे जाऊ देऊ नका, नाहीतर धूर येतो आणि एअर फिल्टर भिजतो. गिअरबॉक्सचे ऑईल वेगळे असते, तेही तपासा. फिल्टर ऑईलचा असेल तर त्याच्या वाटीत खुणेपर्यंत ऑईल हवे. कागदी फिल्टरला मात्र थेंबही लावायचा नाही.

मग पेट्रोल. फोर-स्ट्रोकला नुसते पेट्रोल, टू-स्ट्रोकला पुस्तिकेतल्या प्रमाणातच टू-टी ऑईल मिसळून. २५:१ असेल तर लिटरला ४० मिली. स्वस्त पडते म्हणून रॉकेल मिसळू नका. इंजिन थंड असताना, उघड्यावर, गाळणीतून भरा, टाकीच्या गळ्याशी थोडी जागा ठेवा आणि त्या वेळी आसपास विडी-काडी नको.

हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. पाणी जास्त झाले की ते इथेनॉलसह खाली बसते आणि कार्बोरेटरमध्ये आधी तेच जाते. पावसाळ्यात कॅन महिनोन्‌महिने भरून ठेवू नका, आठवड्याला लागेल तेवढेच आणा.

चालू करण्याआधी पात्यांचे नट-बोल्ट आवळा, धार फिरण्याच्या दिशेला आहे ना ते पाहा. क्लच सुटलेला असू द्या. पेट्रोलचा कॉक उघडा, चोक लावा, दोरी अडेपर्यंत हळू ओढा आणि मग झटका द्या. दोरी हाताला कधीही गुंडाळू नका. इंजिन सुरू झाले की चोक सोडा आणि बंद करायचे बटण चालते का, ते तिथेच एकदा तपासा.

पहिले काही तास पूर्ण रेस, कडक जमीन आणि खोल पाती टाळा. नवे भाग एकमेकांवर घासून बसत असतात आणि त्यांचा धातूचा बारीक चुरा ऑईलमध्ये उतरतो. म्हणून पहिले ऑईल साधारण २० तासांनी बदलायचे असते. इंजिन कोमट असतानाच ते काढा, म्हणजे चुराही सोबत निघून येतो.