बंबातून कोमट पाणी का येते?

बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले आहे. तेथील पौषातली पहाट चांगलीच बोचरी असते. समजा, अशा पहाटे एका घरी बंब पेटवला आहे. जाळ उत्तम लागला आहे, बंबाला हात लावला तर चटका बसतो. पण पहिला तांब्या सोडला, तर पुढे कोमटच पाणी येते. दोष कोठे असेल?

प्रथम बंबाची रचना पाहू. तांब्याच्या पिंपात मधोमध उभे नळकांडे असते. त्यात लाकडे जळतात, खालच्या जाळीतून राख पडते. नळकांड्याभोवती पाणी असते. नरसाळ्यात गार पाणी ओतले, की ते आतल्या नळीने थेट तळाशी जाते आणि वरच्या बाजूच्या तोंडातून तेवढेच कढत पाणी बाहेर पडते. (काही बंबांना तोटी असते, येथे आपण तोंडाचा बंब घेतला आहे.)

गार पाणी तळाशीच का राहते? २० अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्याचे वजन सुमारे ९९८ ग्रॅम, तर ८० अंशांच्या पाण्याचे सुमारे ९७२ ग्रॅम भरते. कढत पाणी हलके, म्हणून ते वर तरंगते. पण आतली नळी झिजून वरच्या भागात फुटली, तर गार पाणी कढत पाण्यातच पडते आणि दोन्ही मिसळतात. जे विसण बादलीत घालायचे, ते बंबातच पडते!

आता परीक्षा करू. बंब पूर्ण तापू द्या. मोठ्या माणसांच्या देखत एकेक तांब्या गार पाणी सावकाश ओता आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचे तापमान तापमापकाने मोजा.

१. पहिले काही तांबे जवळजवळ सारखेच कढत आले, तर नळी ठीक आहे.

२. पहिला तांब्या कढत, पण पुढचे लगेच कोमट होत गेले, तर नळी फुटल्याचा संशय घ्या. हे काम तांबटाचे.

३. बराच वेळ जाळूनही पहिलाच तांब्या कोमट आला, तर जाळी राखेने बुजली आहे काय ते पाहा. जाळ चांगला असेल, तर नळकांड्यावर क्षारांचा थर बसला असेल. जड पाणी वापरणाऱ्या घरांत तो लवकर बसतो आणि उष्णता पाण्यापर्यंत पोचू देत नाही.

बादलीतले गणितही सोपे आहे. ८० अंशांचे ५ लिटर आणि २० अंशांचे १० लिटर पाणी मिसळले, तर एकाने गमावलेली उष्णता दुसरे घेते:

५ × (८० − ४०) = १० × (४० − २०)

म्हणजे मिश्रण ४० अंशांचे होते. थंड देशांत लाकडाच्या बॉयलरवर घरे उबदार ठेवतात. तेथे हेच काम मिश्रण-झडप करते. काही झडपांतील मेण तापले की फुगते आणि कढत पाण्याची वाट अरुंद करते. आपल्याकडे ती झडप म्हणजे विसण घालणारा हात!

म्हणून तीन गोष्टी विसरू नका. बादलीत आधी गार पाणी, मग कढत. ६० अंशांचे पाणीही काही सेकंदांत कातडी भाजते, आणि लहान मुलांची तर त्याहून लवकर. बंबाचे नरसाळे किंवा तोंड कधी बुजवू नका, वाफेला वाट हवी. आणि रिकामा बंब पेटवू नका; तांबे टिकेल, पण कथील-शिशाचा डाख सुमारे १८३ अंशांनाच वितळू लागतो.