अर्धशिशी: वसई-विरारकरांनी काय करावे, काय टाळावे

काय करावे

- दुखणे नीट पारखा: डोके ठणकते, जिना चढताना वाढते, मळमळते, उजेड आणि आवाज नकोसा होतो, या अर्धशिशीच्या खुणा.
- दोन्ही बाजू दुखत असल्या तरी शंका सोडू नका. अर्धशिशी कधी कधी पूर्ण डोक्यातही उठते.
- किती वेळ दुखले ते पाहा; मोठ्या माणसात औषधाविना हा त्रास 4 ते 72 तास राहतो.
- आदल्या दिवसाच्या सूचना ओळखा: सारख्या जांभया, आखडलेली मान, विनाकारण चिडचिड, गोड खाण्याची ओढ.
- डोळ्यांसमोर चकाकत्या नागमोडी रेघा आल्या की घड्याळ पाहा. त्या बहुधा 5 ते 60 मिनिटांत ओसरतात.
- अशा रेघा आयुष्यात पहिल्यांदाच दिसल्या असतील, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.
- वही ठेवा: तारीख, सुरू झाल्याची वेळ, आदल्या रात्रीची झोप, शेवटचे जेवण, पाळीचा दिवस, घेतलेली गोळी.
- वही सलग तीन महिने भरा आणि डॉक्टरांपुढे ठेवा. अर्धशिशीचे निदान मुख्यतः रुग्णाच्या सांगण्यावरूनच होते.
- पहाटेची चर्चगेट लोकल पकडायची असली तरी पोटात पोळी-भाजी किंवा निदान केळे टाकून निघा. रिकामे पोट हे नेहमीचे कारण.
- पाण्याची बाटली सोबत ठेवा आणि प्यायला विसरू नका. गर्दीत घाम फार जातो.
- दुपारी फलाटावर उभे राहायचे असेल तर टोपी, छत्री किंवा गडद चष्मा वापरा.
- रविवारीही रोजच्याच वेळी उठा. जास्तीची झोपही डोके उठवते.
- चहाचे कप ठरवून घ्या आणि सुट्टीतही तेवढेच प्या. रोजचा चहा एकदम तुटला की डोके धरते.
- डॉक्टरांनी दिलेली गोळी ठणका सुरू होताच घ्या. वाढल्यावर ती तितकी लागू पडत नाही.
- गोळी घेऊन अंधाऱ्या, शांत खोलीत पडा. झोप लागली तर लागू द्या.
- घरच्यांना आधीच सांगून ठेवा: त्या वेळी मिक्सर नको, टीव्ही नको, मिरचीची फोडणी नको, अगरबत्ती नको.
- महिन्यातून 4 किंवा अधिक दिवस डोके उठत असेल, तर झटके कमी करणाऱ्या रोजच्या औषधाबद्दल विचारा.
- सुरुवात महापालिकेच्या जवळच्या आरोग्य केंद्रात करा. त्रास आटोक्यात येत नसेल तर मेंदूविकारतज्ज्ञांसाठी चिठ्ठी मागून घ्या.

काय टाळावे

- उलटी झाल्यावर बरे वाटले, म्हणून 'पित्त झालेय' म्हणत वर्षे काढू नका. अर्धशिशीतही उलटीनंतर उतार पडतो.
- दर वेळी सायनस किंवा चष्म्याच्या नंबरावर खापर फोडू नका; नाक वाहणे आणि डोळे पाणावणे अर्धशिशीतही दिसते.
- दुकानातून उठसूट वेदनाशामक गोळ्या आणू नका; साध्या गोळ्या महिन्यात 15 दिवस, मिश्र गोळ्या किंवा ट्रिप्टान (अर्धशिशीची खास गोळी) 10 दिवस घेण्याची सवय झाली की गोळीच डोके दुखवू लागते.
- शेजारणीची किंवा सहकाऱ्याची गोळी घेऊ नका. ट्रिप्टान हृदयविकार असलेल्यांना चालत नाही.
- निर्जळी उपवास करू नका, मग संकष्टी असो वा श्रावणी सोमवार. उपवास सोडायचा नसेल तर दर तीन-चार तासांनी फळ, ताक, खजूर घ्या.
- रोजा किंवा लेंटचे उपवास डॉक्टरांशी बोलल्याशिवाय धरू नका. औषधाच्या वेळा बदलाव्या लागतात.
- ओले केस तसेच बांधून लोकल गाठू नका, मुंबईच्या डॉ. के. रविशंकर यांनी 2006 साली 94 भारतीय रुग्णांत डोक्यावरून अंघोळीने अर्धशिशी उठल्याचे नोंदवले आहे.
- ज्या वासाने डोके चढते त्याच्या वाटेला जाऊ नका: अर्णाळ्याची सुकी मासळी असो, मोगऱ्याचा गजरा असो की डब्यातल्या कुणाचे अत्तर.
- सुकेळी, चीज, चॉकलेट ऐकीव माहितीवर बंद करू नका. वहीत पुन्हा पुन्हा जुळले तरच सोडा.
- विसर्जनाच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीजवळ उभे राहू नका. लखलखणारे दिवे आणि दणका दोन्ही घातक.
- नागमोडी रेघा दिसत असताना डब्याच्या दारात उभे राहू नका. आत सरका, शेजारच्याला सांगा, जागा मागा.
- तशा अवस्थेत स्कूटर किंवा रिक्षा चालवू नका. अर्धी नजर झाकोळलेली असते.
- अर्धशिशीत अशा रेघा दिसत असतील, तर इस्ट्रोजनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या डॉक्टरांना न सांगता घेऊ नका आणि धूम्रपान तर मुळीच नको; पक्षाघाताचा धोका वाढतो.
- बाळाचा विचार असेल तर चालू औषधे डॉक्टरांपासून लपवू नका. अर्धशिशी रोखण्यासाठी दिले जाणारे सोडियम व्हॅल्प्रोएट गर्भाला अपाय करते.
- शाळकरी मुलाची तक्रार 'अभ्यासाची टाळाटाळ' म्हणून उडवून लावू नका. मुलांत ठणका कपाळभर असतो आणि लवकर ओसरतो.
- सून, बायको किंवा आई अंधारात पडून राहिली तर 'नखरे' म्हणू नका. पाळीच्या दिवसांत संप्रेरके उतरली की झटका येतो, तो तिच्या हातात नाही.
- पावसाळ्यात तापासोबतचे डोके 'नेहमीचेच' समजू नका. डेंग्यूची तपासणी होईपर्यंत ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन घेऊ नका.
- पन्नाशीनंतर पहिल्यांदाच उठलेले डोके घरी काढू नका. ते अर्धशिशीचे नसण्याचीच शक्यता अधिक.
- गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर अचानक तीव्र डोके दुखले तर वाट पाहू नका. रक्तदाब तपासून घ्या.
- क्षणात असह्य झालेले डोके, तापासोबत ताठलेली मान, लुळा पडलेला हात, वाकडे तोंड, अडखळती जीभ, आकडी किंवा डोक्याला मार यांपैकी काहीही असेल तर गोळी देऊन झोपवू नका; लगेच 108 ला फोन करा.