झाडांचे पीक आणि त्याचे माप

(इयत्ता सातवी)

कांदा, गहू, ऊस ही पिके आपणां सर्वांना ठाऊक आहेत. लाकूड हेही पीकच आहे. आमच्या अर्ध्या एकर मुरमाड रानात नीलगिरीचे असे पीक उभे आहे. ते आता विकायचे आहे आणि त्यातून ताईची कॉलेजची फी भरायची आहे. म्हणून मी हा विषय घेतला.

आधी एक गंमत सांगते. शास्त्रात लाकडाचे कठीण आणि मऊ असे दोन गट करतात, पण ही नावे फसवी आहेत. रुंद पानांच्या, फुले येणाऱ्या झाडांचे लाकूड ते कठीण आणि देवदार, चीड अशा सूचिपर्णी झाडांचे ते मऊ. त्यामुळे आगपेटीच्या काड्या जिच्यापासून करतात ती काटेसावरही कठीण लाकडातच मोडते! नीलगिरी मात्र खरोखरच कठीण आणि तरी झपाट्याने वाढणारी आहे. जंगलातला साग तोडायला साठ-सत्तर वर्षे थांबतात. शिवाय साग स्वतःच्या शेतातला असला तरी तोडायला परवानगी लागते. नीलगिरी सहा-सात वर्षांत कागदासाठी आणि बांधकामाच्या बल्ल्यांसाठी विकता येते.

हे झाड मूळचे ऑस्ट्रेलियाचे. आपल्या नाशिक जिल्ह्यात १९८० च्या दशकात विनायकराव पाटील यांनी नीलगिरी लावणाऱ्या शेतकऱ्यांची सहकारी संस्था उभी केली. त्याच दशकाच्या शेवटी पंजाब, हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेशात पुष्कळांची झाडे एकदम तोडणीला आली आणि भाव कोसळले. अगदी आपल्या कांद्यासारखे!

आमच्या बाबांनी दोन ओळींत ३ मीटर आणि दोन झाडांत २ मीटर अंतर ठेवले. म्हणजे एका झाडाला ६ चौरस मीटर जागा. अर्धा एकर म्हणजे सुमारे २०२३ चौरस मीटर, म्हणून रोपे बसली ३३७. पहिल्या वर्षी काही वाळवीने खाल्ली. तण काढावे लागले. नंतर फारसे काम नव्हते.

आजीला मात्र हे झाड मुळीच पसंत नाही. ती म्हणते, "हिरीचं पाणी वढतंय ते." बाबा म्हणतात, रान मुरमाड, तिथं दुसरं येतंय काय? दोघांचेही थोडे खरे आहे. नीलगिरीची मुळे खोल जातात आणि वाढ भराभर असल्याने पाणीही भराभर लागते. कर्नाटक सरकारने २०१७ साली नव्या लागवडीवर बंदी घातली, त्याचे एक मोठे कारण भूजल हेच होते. माझ्या मते विहिरीजवळ आणि दुसऱ्याच्या बांधाला लागून ती लावू नये. शेजाऱ्याच्या पिकावर सावली पडते आणि मुळांना बांध समजत नाही.

आता मापाकडे येऊ. व्यापारी रानात आले, एक फेरी मारली आणि उक्त्या सौद्याचा आकडा सांगून मोकळे झाले. बाबांनी दोन दिवसांची मुदत मागितली. ताईने आणि मी दोरी घेतली. लाकडाचे घनफूट काढायची जुनी रीत अशी : ओंडक्याच्या मध्यावर दोरीने घेर मोजायचा, त्याचे चार भाग करायचे, एका भागाचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे. घेर २४ इंच आणि लांबी २० फूट असेल तर चौथा भाग ६ इंच, म्हणजे अर्धा फूट. अर्धा गुणिले अर्धा गुणिले २० बरोबर ५ घनफूट.

पण ओंडका गोल आहे. वर्तुळाच्या सूत्राने तोच ओंडका सुमारे ६.३७ घनफूट भरतो. हा फरक साल आणि कापताना होणारी तूट यांसाठी सोडलेला असतो. म्हणून या रीतीने मोजल्यावर व्यापारी पुन्हा "सालीचं वजा करा" म्हणाले, तर ती एकाच गोष्टीची दोनदा वजाबाकी होते. हे बाबांना दाखवले तेव्हा त्यांनी दोनदा गणित करून पाहिले.

दुसरी गोष्ट घेराची. १८ इंच घेराच्या तेवढ्याच लांबीच्या ओंडक्यात फक्त २.८१ घनफूट भरतात. घेर १८ चा २४ झाला, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याने वाढला, तर लाकूड जवळजवळ पावणेदोन पट होते! म्हणून बारीक झाडे घाईने देऊन टाकण्यात तोटा आहे. उभ्या झाडाचा मधला घेर आपल्याला मोजता येत नाही, छातीइतक्या उंचीचाच मोजता येतो आणि तो जास्त भरतो. खरे माप झाड पडल्यावरच. वजनावर विकायचे असेल तर तोडल्या दिवशीच काटा करावा, कारण ओल्या लाकडात निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचे असते आणि उन्हात पडले की ते उडू लागते. शिवाय ओंडक्यांची टोकेही उन्हात फाटतात.

बाबांनी उक्ता सौदा नाकारला. जाड झाडे तोडायची, मोजून द्यायची, असे ठरले. व्यापारी आधी रागावले, मग तयार झाले. फी पहिल्या तोडीतून निघेल असा आमचा हिशेब आहे. तोडताना जमिनीपासून वीतभर खोड ठेवून तिरपा, गुळगुळीत काप घ्यायचा. उसासारखा नीलगिरीचाही खोडवा येतो. बुंध्याला पुष्कळ फुटवे येतात, त्यांतले जोमदार एक-दोनच ठेवायचे.

चाळीस बारीक झाडे राखली आहेत. त्यांवर चुन्याने १ ते ४० आकडे टाकले असून दर दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांचा घेर लिहून ठेवणार आहे. खुणा केलेली दोरी वर्गाच्या कपाटात आहे. ज्यांच्या घरी झाडे विकायची असतील त्यांनी ती न्यावी आणि परत आणून ठेवावी.