मधल्या सुट्टीत काय घडतं? : 'प्लेग्राउंड' चित्रपटातून शिकण्यासारखं

विद्यार्थी मित्रांनो, आज एका चित्रपटाबद्दल बोलूया. 'प्लेग्राउंड' हा २०२१ सालचा बेल्जियमचा चित्रपट. दिग्दर्शिका लॉरा वांडेल. लांबी फक्त ७२ मिनिटं, पण गती संथ. मारामारीचा थरार पाहायचा असेल, तर हा चित्रपट कंटाळवाणा वाटेल.

छोटी नोरा नव्या शाळेत येते. तिचा मोठा भाऊ आबेल याला काही मुलं रोज छळतात. 'कुणाला सांगू नकोस,' असं तो तिला बजावतो. तरीही ती वडिलांना सांगते. मोठी माणसं मुलांना समज देतात, माफी मागायला लावतात आणि विषय संपला असं मानतात. पण त्रास थांबत नाही. पुढे तर आबेल स्वतःच दुसऱ्या मुलाला छळू लागतो!

कॅमेरा सतत नोराच्या उंचीवर असतो. मोठ्यांचे चेहरे दिसतात ते खाली वाकल्यावरच. शिक्षक म्हणून मला इथेच थांबावंसं वाटलं. मैदानावर उभं राहून आपण सगळं पाहतो खरं, पण वरून!

यातून काय घ्यायचं? मित्राचा त्रास मोठ्यांना सांगणं म्हणजे चहाडी नव्हे. एकदा सांगून थांबला नाही, तर पुन्हा सांगा. आणि शिक्षकांनो, माफी मागून झाली की आठवड्याने त्या मुलाजवळ बसा आणि विचारा, "आता कसं चाललंय रे?"

विचार करा : आबेल असा का वागू लागला असेल? पाच ओळी लिहा.